चौकोनाखालची रेघ

काना-काकांना नाव सांगितलं की ते आपल्या तोंडाकडे बघत नसत. डावा तळहात पुढे करत, उजव्या हाताचं बोट त्यावर टेकवत आणि विचारत, "कसं लिहिता?" उत्तर मिळेपर्यंत बोट तिथंच. तळहातावर बोटानं अक्षर काढून दाखवायची ही खरं तर जपानी माणसांची सवय. एकाच उच्चाराची दहा नावं असली की दाखवावंच लागतं. काकांनी ती मराठी माणसांनाही लागू केली होती. जपानातल्या हिगाशी-कसाई स्टेशनच्या दारात कुणीतरी आमची ओळख करून दिली, तेव्हा माझी गाडी प्लॅटफॉर्मला लागत होती. मी पळता पळता म्हटलं, "ऋजुता." त्यांनी बोट टेकवलं. "ऋषीतला ऋ की रुमालातला रु?" मी म्हटलं, "काका, काय फरक पडतो? म्हणताना सारखंच की." ते शांतपणे म्हणाले, "म्हणताना सारखं असतं तेव्हाच फरक पडतो." गाडी गेली. या माणसापासून चार हात लांब राहायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं होतं आणि ते मला अजिबात जमलं नाही.

आडनाव कानडे. जपानी जिभेला ड जमत नाही, म्हणून ऑफिसात ते कानादे-सान झाले, आणि आमच्या इमारतीतल्या पोरांनी त्याचं काना-काका करून टाकलं. काका या नावावर खूष होते. "मराठीत काना म्हणजे एक दांडा, जपानीत काना म्हणजे अख्खी लिपी. मी मधे कुठंतरी उभा आहे," हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत, आणि जो हसत नसे त्याला पुन्हा सांगत. हारुए-काकू, त्यांची बायको, हा विनोद ऐकून ऐकून इतक्या कंटाळल्या होत्या की काकांनी "मराठीत" म्हटलं की त्या चहा ठेवायला उठत. काकूंचं मराठी फार सुंदर होतं. ते काकांच्या आईकडून शिकलेलं, त्यामुळे सगळं आदरार्थी. माझ्या मुलीला, ती चार वर्षांची असताना, "आपण दूध घेतलंत का?" असं विचारायच्या. मुलगी जपानीत उत्तर द्यायची आणि दोघींचं छान चालायचं.

तरुणपणी काका योकोहामाच्या एका कंपनीत लागले, तेव्हा संगणक ही नवलाईची वस्तू होती. ऑपरेटिंग सिस्टिमला इंग्रजी येत असे, जपानी नुकतंच शिकवलं होतं, आणि कोरियन शिकवायचं काम काकांच्या टीमकडे आलं. सहकाऱ्यांना ती अक्षरं म्हणजे हजारो निरनिराळी चित्रं वाटत. काकांना पहिल्याच आठवड्यात कळलं, की ही तर आपली बाराखडी आहे. व्यंजन घ्यायचं, स्वर जोडायचा, हवं तर खाली आणखी एक व्यंजन बसवायचं, की एका चौकटीत एक अक्षर तयार. तेव्हा यंत्राला तुकडे शिकवा, जोडणी ते आपली आपण करील, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं, की नेहमी लागणारी तयार अक्षरं निवडा, त्यांची यादी करा, प्रत्येकाला एक क्रमांक द्या. यादीत आहे ते लिहिता येईल, नाही ते येणार नाही. काही वर्षं दोन्ही पद्धती एकमेकींशी भांडल्या आणि काकांची हरली. त्यामागची कारणं रास्त होती, हे काका स्वतःच समजावून सांगत. सांगून झालं की मात्र त्यांचा आवाज चढे. "अक्षर जोडायचं असतं गं, दुकानातून तयार आणायचं नसतं. दुकानात नसलं तर माणसानं काय नाव बदलायचं?"

त्या यादीत काही घरं मुद्दाम रिकामी ठेवलेली असत. ग्राहकाची अडचण झाली तर एखादं नसलेलं अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी काढून त्या घरात बसवता येई. योकोहामा, कावासाकी भागात पिढ्यान् पिढ्या राहिलेली कोरियन कुटुंबं आहेत. काका एखाद्या शाळेत, दवाखान्यात यंत्र बसवायला जात. खिडकीपाशी कुणीतरी म्हणे, माझ्या नावातलं अक्षर येत नाही. काका तिथंच बैठक मारून ते काढून देत. कंपनीला विचारत नसत, वर कळवतही नसत. "कळवलं असतं तर मीटिंग झाली असती. मीटिंगमध्ये कुणाचं नाव उमटलंय कधी?" असं ते छाती काढून सांगत, आणि मीही कौतुकानं ऐकत असे.

एका शब्दाशी त्यांचं उभं वैर होतं, तो म्हणजे 'बहुतेक'. जपानीत त्याला 'ताबुन' म्हणतात आणि आमची मुलं दर वाक्यात ते पेरतात. शाळा कधी सुटणार, ताबुन तीनला. छत्री कुठं आहे, ताबुन शाळेत. आमच्याकडे कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरावा लागतो, जळणारा निराळा, न जळणारा निराळा, बाटल्या निराळ्या. काका मुलांना अडवून विचारत, "हा तुझा ताबुन कुठल्या पिशवीत टाकू, सांग." मुलं खिदळत. पण मी एकदा कामाचं बोलताना सहज म्हणून गेले, की अमुक फाइल बहुतेक बरोबर आहे, तर ते हसले नाहीत. "बहुतेक म्हणजे तू बघितलेलं नाहीस," एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षी आमच्या सॉफ्टवेअर कंपनीला योकोहामातल्या एका जुन्या हॉस्पिटलचं काम मिळालं. तिथल्या सगळ्या पेशंटांची माहिती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत न्यायची होती. त्यात कोरियन लिपीतली नावंही होती, काकांच्या काळातल्या यंत्रातून पुढच्या यंत्रात, तिथून पुढच्या, अशी जशीच्या तशी उचलत आणलेली. ती वाचू शकेल असं आमच्याकडे कुणी नव्हतं. मी काकांचं नाव सुचवलं. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याआधी स्टेशनवर हजर. काम एवढंच, की नवी यंत्रणा सुरू झाली की पडद्यावर नावं नीट दिसतात ना, ते बघायचं.

सोमवारी सकाळी यंत्रणा सुरू झाली. तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. मी, काका आणि आमचे प्रमुख मोरियामा-सान, जे सज्जन आहेत आणि गेले दोन महिने नीट झोपलेले नव्हते. काका एकेक नाव वाचत होते. मधेच थांबले. एका नावाच्या शेवटी अक्षराऐवजी दोन जाड आडव्या पट्ट्या होत्या. छापखान्यात एखादं अक्षर सापडलं नाही तर जपानी लोक त्या जागी हा ठसा ठेवतात. गेता नावाच्या लाकडी चपला घालून चाललं की मातीत त्यांचे दोन दात उमटतात, तसा तो दिसतो, म्हणून त्याला गेताच म्हणतात. अर्थ इतकाच, की इथं काहीतरी होतं, ते आमच्याकडे नाही.

"हे अक्षर माझं आहे," काका म्हणाले. त्यांचा चेहरा मला एकदम म्हातारा वाटला. "रिकाम्या घरातलं. जुन्या यंत्रांनी सांभाळलं, नव्याला ते घरच माहीत नाही."

मोरियामा-सान म्हणाले, काळजीचं कारण नाही, या बाईंची नोंद दोनदा होती. पेशंट कार्ड हरवतात, नवं कार्ड काढतात, अशा दुहेरी नोंदी शेकड्यांनी निघाल्या. उच्चार एक आणि जन्मतारीख एक असेल तर माणूस एक, या नियमानं सगळ्या एकत्र केल्या आहेत. यांच्या दुसऱ्या नोंदीत नाव पूर्ण आहे. किम सुन-मी. शेवटचं अक्षर मी. पट्ट्यांच्या जागी तेच घालायचं की झालं.

काकांनी दोन्ही जुन्या नोंदी शेजारी शेजारी मागितल्या. मी काढून दिल्या आणि वाचू लागले. पट्ट्यांच्या नोंदीत लाल अक्षरांत एक इशारा होता. एका अँटिबायोटिकचं नाव, आणि पुढे, हे दिल्यावर श्वास कोंडला, पुन्हा देऊ नये. दुसरी नोंद ताजी होती आणि तिच्यात लिहिलं होतं, कोणत्याही औषधाचा त्रास नाही. एकत्र करताना नाव जुन्या नोंदीतलं ठेवलं होतं, बाकी सगळं ताजं ते खरं धरलं होतं. लाल ओळ गेली होती. आणि नव्या यंत्रणेप्रमाणे किम सुन-मी या क्षणी तिसऱ्या मजल्यावर, हाताच्या ऑपरेशनसाठी, थिएटरच्या दाराशी होत्या.

मी वर फोन लावला. नर्सबाई म्हणाल्या, त्यांना नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, दोन्ही मनगटावरच्या पट्टीशी जुळलं. औषधाचा त्रास आहे का विचारलं, तर नाही म्हणाल्या. ऐकायला कमी येतं, पण मान हलवली. ऑपरेशनआधीचं इंजेक्शन भरून तयार आहे. कोणतं, तर तेच, लाल ओळीतलं. मी म्हटलं, जरा थांबा. त्या म्हणाल्या, "थांबते, पण डॉक्टर उभे आहेत. त्यांना काय सांगू? बाई एक आहेत की दोन?"

मी फोन हातात धरून मोरियामा-सानांकडे बघितलं. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे एक."

"दोन," काका म्हणाले.

"कानादे-सान, एकच बाई एका वेळी असं लिहील, दुसऱ्या वेळी तसं. उच्चार तोच आहे. जन्मतारीखही तीच आहे."

"जन्मतारीख कोणती आहे, वाचा."

"एक जानेवारी."

"मी एक जूनला जन्मलो," काका म्हणाले. "माझ्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनला जन्मली. आईबापांना तारीख सांगता आली नाही की मास्तर एक जून लिहीत. ही तारीख जन्माची नाही, कारकुनाच्या सोयीची आहे. आणि दुसरं सांगतो. तुमच्या यादीत साधा 'मी' होता. चौकोन आणि शेजारी उभी रेघ. तो चालत असता तर मला अक्षर काढावं लागलंच नसतं. या बाईला दुसरा हवा होता, आणि म्हणताना तोही 'मी'च. ज्या बाईनं एका अक्षरासाठी यंत्र अडवून धरलं, ती दुसऱ्या कार्डावर ते सोडून देईल?"

मोरियामा-सान पुन्हा दोन्ही नोंदी वाचू लागले. त्यांच्या जागी मी असते तर मीही अडले असते. शंभर नियम पाळून उभी केलेली यंत्रणा पहिल्याच सकाळी एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर थांबवायची, आणि तो म्हातारा चुकला तर? काकांनी तोवर टेबलावरचा मार्कर उचलला होता.

लिफ्ट येत नव्हती. आम्ही जिन्यानं गेलो. काकांचे गुडघे कुरकुरायचे, तरी ते माझ्या पुढे होते, आणि चढता चढता डाव्या तळहातावर काहीतरी लिहीत होते. तिसऱ्या मजल्यावर बाहेरच्या माणसाला आत जायची परवानगी नव्हती. काकांनी ती मागितली नाही. दार उघडं होतं, आत चाकाच्या खाटेवर एक लहानखुऱ्या बाई निजल्या होत्या, शेजारी नर्सबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. काका सरळ खाटेपाशी गेले, कमरेत वाकले, आणि हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. तळहातावर दोन अक्षरं होती. एक चौकोन आणि शेजारी उभी रेघ. दुसरा तसाच, फक्त चौकोनाखाली एक आडवी रेघ जास्त.

"आजी, तुमचं कोणतं?" काकांनी जपानीत, मोठ्यानं विचारलं.

बाईंनी बराच वेळ बघितलं. चष्मा काढून ठेवलेला होता. मला नर्सबाईंच्या ट्रेमधली सिरिंज दिसत होती आणि दुसरं काही दिसत नव्हतं. मग त्यांनी पांघरुणातून हात काढला, सुजलेलं बोट काकांच्या तळहातावर टेकवलं आणि आडव्या रेघेवरून हळूच फिरवलं. "हे," त्या म्हणाल्या. "वडील असंच लिहायचे. जुन्या पद्धतीनं."

नर्सबाईंनी ट्रे खाली ठेवला. मी भिंतीला टेकले, आणि मग कळलं की मी रडते आहे.

ऑपरेशन दुसऱ्या औषधावर, दोन दिवसांनी नीट पार पडलं. हॉस्पिटलनं आमचे आभार मानले आणि त्याच मेलमध्ये, विनापरवाना व्यक्ती थिएटरपर्यंत कशी पोचली याचा खुलासा मागितला. मोरियामा-सानांनी एकत्र केलेल्या सगळ्या नोंदी पुन्हा सुट्या करायला घेतल्या आणि पट्ट्यांच्या जागी बाईंचं खरं अक्षर बसवलं. आताच्या संगणकांत ते आहे. यादीत राहून गेलेली सगळी अक्षरं आता आहेत, जोडून होतील तेवढी सगळी.

त्या शुक्रवारी काका मला घेऊन बाईंना भेटायला गेले. माफी मागायची म्हणून निघाले होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही वाचवलंत त्यांना." ते ट्रेनमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीच मारत होतो. अक्षर काढून दिलं आणि कुठं सांगून ठेवलं नाही. हा 'मी' निराळा आहे अशी बाजूला एक टीप ठेवली असती, तर दोन बायकांची एक बाई झाली नसती आणि लाल ओळ गेली नसती." ते अर्धं खरं होतं. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. काका वाकले आणि सुरुवात करणार तोच त्या म्हणाल्या, "हे अक्षर मला एका परदेशी पोरानं करून दिलं होतं. काळा कुळकुळीत, केस भरपूर. खिडकीशी अर्धा दिवस बसून होता. मी आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव यंत्रावर बघितलं. कुठं असेल आता तो?" काकांच्या डोक्यावर आता चारच केस उरले होते. ते म्हणाले, "निवृत्त झाला असेल." माफी मागायची राहूनच गेली. परतताना स्टेशनच्या बाकावर बसून त्यांनी मला सांगितलं, "अशी अक्षरं मी आणखी काढली आहेत गं. कुठं कुठं, ते आठवत नाही."

त्यानंतर काका बदलले. छाती काढून सांगायच्या गोष्टी बंद झाल्या. सकाळी नऊ वाजले की ते फोन घेऊन बसत आणि योकोहामा, कावासाकीतल्या शाळा, दवाखाने, पतसंस्था यांना एकेक करून विचारत, तुमच्याकडे जुन्या कोरियन यंत्रावरची नावं आहेत का, त्यांत कुठं दोन पट्ट्या दिसतात का. बहुतेक ठिकाणी ते यंत्र आठवणारंही कुणी उरलं नव्हतं. काही जण हसत, काही फोन ठेवून देत. जिथं शंका येई तिथं ते स्वतः जात, थंडीतसुद्धा. हारुए-काकू मला खाली सायकलींपाशी गाठून म्हणाल्या, "आपण यांना सांगा ना, पुरे झालं. रात्री झोपेत बोटं हलवतात." मी सांगितलं. काका म्हणाले, "थांबलो असतो. पण प्रत्येक पट्टीमागं एक माणूस आहे आणि तो कोण आहे हे सांगू शकणारा मी एकटाच आहे. मी बहुतेक विसरलोय." तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

फेब्रुवारीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि आठवड्यात ते गेले. मला ते फार आवडत असत. हे त्यांना कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्यांनी त्यातही काहीतरी चूक काढली असती. शेवटच्या महिन्यात ते फोनवर स्वतःच्या नंबरासोबत माझाही नंबर देत होते. मला विचारलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. ती त्यांची जुनी खोड.

मागच्या मंगळवारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. कावासाकीच्या एका वृद्धाश्रमातून फोन आला. मुलगी नवी, आवाज घाबरलेला. कानादे-सान आहेत का, तिनं विचारलं. त्यांनी मागे चौकशी केली होती, तेव्हा आमच्याकडे तसलं काही नव्हतं. आज संगणक बदलला आणि एका आजोबांच्या नावात दोन काळ्या पट्ट्या आल्या. उच्चारावरून अक्षर कळतंच आहे, सर म्हणतात घालून टाक, पण त्याआधी एकदा विचारावं म्हटलं.

"कानादे-सान आता नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही काही घालू नका. आजोबांना आजचं कोणतंही औषध देऊ नका. मी निघते आहे."